आधी आसरा, मग फिर्याद

इतिहास म्हटला की किल्ले, तह, लढाया आणि राजघराण्यांच्या वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आजचा विषय त्यांपैकी कशातच बसणारा नाही. एखाद्या घरात मुलाला उपाशी ठेवले जाते, निर्दयपणे मारले जाते, किंवा ज्याच्या हाती त्याला विश्वासाने सोपविले तोच त्याच्यावर अत्याचार करतो. शेजाऱ्याला हे कळते. अशा वेळी त्या शेजाऱ्याने कोणाकडे जावे, आणि तो गेल्यावर पुढे काय व्हावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राची दीडशेहून अधिक वर्षे गेली, आणि ते उत्तर पुरते हाती आले आहे असे अजूनही म्हणवत नाही.

सुशिक्षित घरांतून ह्या बाबतीत एक समजूत रूढ आहे. गुन्हेगाराला कडक शासन झाले म्हणजे मुले सुरक्षित होतील, असे आपण सहज बोलून जातो. शासन हवेच; त्याविषयी दुमत नाही. परंतु इतिहास पाहू गेल्यास एक निराळी गोष्ट ध्यानात येते. जेथे केवळ शिक्षेची तरतूद होती तेथे लोकांची तोंडे मिटलेली राहिली. आणि जेथे पीडित जीवाला ठेवून घेणारे एखादे घर आधी उभे राहिले, तेथे लोक बोलू लागले. आधी आसरा आणि मग फिर्याद, हा क्रम ज्यांनी ओळखला त्यांच्याच हातून मुलांचे खरे रक्षण झाले. माझे आजचे निवेदन ह्या एका सूत्राभोवती आहे.

जुन्या काळी मूल हे घराचे होते. एकत्र कुटुंब, भाऊबंद, गावकी आणि जातीची पंचायत ह्यांचा वचक असे, आणि आईबाप गेलेल्या पोराला चुलत्याच्या किंवा मामाच्या घरी दोन घास मिळत. ह्या व्यवस्थेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक मोठी उणीव होती. ज्या मुलाला घरच नाही, किंवा ज्याचा छळ घरातच होतो आहे, त्याच्यासाठी तिच्याजवळ काही नव्हते. घराच्या उंबऱ्याआत काय चालते ते विचारण्याचा अधिकार बाहेरच्या कोणासही नव्हता. विधवेच्या पोटी जन्मलेल्या अर्भकाची अवस्था तर ह्याहून भयंकर होती. त्याला कुळही नव्हते, आणि आडाशिवाय दुसरी जागाही नव्हती.

१८६० मध्ये भारतीय दंडसंहिता झाली आणि १८६२ पासून ती अंमलात आली. तिच्या ३१७ व्या कलमाने बारा वर्षांखालील मूल उघड्यावर टाकून देणाऱ्या पालकास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली, आणि ३१८ व्या कलमाने मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपविणे हा गुन्हा ठरविला. कायदा स्पष्ट होता. परंतु तो मुलाच्या मरणानंतर घरी पोहोचणारा कायदा होता. फौजदार यावयाचा तो आडातून प्रेत वर निघाल्यावर.

ह्याच सुमारास पुण्यात घडलेली एक हकीकत जोतीराव फुले ह्यांनी आपल्या १८८४ सालच्या एका टिपणात नमूद केली आहे. त्यांच्या एका ब्राह्मण स्नेह्याच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. फसवणुकीतून तिला दिवस गेले. बाळंत झाल्यावर लोकलज्जेस्तव तिने अर्भकाला मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दंडसंहितेने आपले काम चोख बजावले होते. पण मूल गेले ते गेलेच, आणि आईही गेली. फसविणारा मात्र मोकळा राहिला.

ही गोष्ट पाहून शिक्षा अधिक कडक करा अशी मागणी जोतीराव व सावित्रीबाईंनी केली नाही. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे जाहीर केले. १८८४ च्या त्याच टिपणात, तोपर्यंत पस्तीस स्त्रिया ह्या घरी येऊन गेल्याचे जोतीरावांनी सांगितले आहे. अशाच एका स्त्रीचा मुलगा यशवंत. त्यास ह्या दांपत्याने १८७४ मध्ये आपला केला.

आम्हा सातारा-सांगलीकडील लोकांना ह्यात एक आपलेपणाचा धागाही आहे. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले, आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव हे त्याच जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातले. पण अभिमानापेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांची रीत. त्या घराच्या दारात येणाऱ्या स्त्रीला ती कोण, कोणाची, असे कोणी विचारीत नसे. जाब न विचारता दार उघडले म्हणूनच पस्तीसजणी आल्या. जाब विचारणारे ठाणे तर त्यांच्या गावोगावी आधीपासून होतेच, आणि तेथे त्यांतील कोणी गेली नव्हती.

हाच विचार पुढे पंढरपुरास रुजला. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये असेच गृह निघाले आणि प्रार्थना समाजाने ते चालविले. वारीच्या गर्दीत टाकून दिलेली बालके चंद्रभागेच्या काठी सापडत. त्यांना ठेवण्याची सोय झाली. दिवसा न्यायासनावर बसून दंडसंहिता चालविणाऱ्या गृहस्थासच केवळ दंडसंहितेने भागत नाही हे उमगावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता क्षणभर परदेशाकडे वळू. १८७४ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या एका पोरक्या मुलीचा पालनकर्तीकडून होणारा छळ एटा व्हीलर ह्या समाजसेविकेच्या कानी आला. ती ठिकठिकाणी हिंडली. पण मुलीला सोडवून आणण्यास कोणी पुढे येईना. शेवटी प्राण्यांचा छळ थांबविण्याच्या मंडळाचे संस्थापक हेन्री बर्ग ह्यांच्याकडे ती गेली. बर्ग आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी ह्यांनी ती बाब न्यायालयापुढे नेली, मुलगी सुटली, आणि त्याच शहरात मुलांचा छळ थांबविणारे जगातील पहिले मंडळ निघाले. मुलीला कायद्याने जनावर ठरवून सोडविले, अशी एक दंतकथा ह्या प्रकरणाभोवती पसरली आहे. ती खरी नाही. गेरींनी मुलीसंबंधीच्याच कायद्याचा आधार घेतला होता. कायदा आधीपासून होता. तो हाती घेऊन दार ठोठावणारे मनुष्य मात्र नव्हते. पुढे १८८९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटाने मुलांचा छळ प्रतिबंधक कायदा केला आणि गरज पडल्यास मूल आईबापांपासून काढून घेण्याचा अधिकार न्यायालयास दिला.

आमच्याकडे काय चालले होते? त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी मंडळ स्थापन झाले, आणि १८९० मध्ये त्या विषयाचा अखिल भारतीय कायदाही झाला. मुंबई इलाख्यात मुलांसाठी तसा कायदा होण्यास मात्र १९२४ साल उजाडावे लागले. बैलाच्या पाठीवरील वळांची दखल सरकारने मुलाच्या पाठीवरील वळांच्या चौतीस वर्षे आधी घेतली.

ह्यावर कोणी म्हणेल की मुलांसाठी काहीच नव्हते असे कसे? १८५० चा उमेदवारीचा कायदा होता. १८५७ मध्ये मुंबईत निघालेली डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची उद्योगशाळा होती. १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे होते. हे सर्व खरे आहे. पण सुधारशाळेचे दार उघडावयाचे ते चोरी करणाऱ्या, अपराध करणाऱ्या मुलासाठी. ज्याने काही केले नाही, ज्याच्यावर फक्त केले गेले, तो पोरगा सरकारच्या दृष्टीस पडत नसे. पोटासाठी भाकरी चोरली तर सरकारी छप्पर मिळे; न चोरता उपाशी राहिला तर रस्ता होताच.

ह्याहूनही अवघड प्रकार म्हणजे ज्या अन्यायास धर्माची व रूढीची संमती होती तो. कोवळ्या वयातील मुली खंडोबाला किंवा यल्लम्माला सोडण्याची चाल आमच्या भागात, जेजुरीपासून कर्नाटकातील सौंदत्तीपर्यंतच्या पट्ट्यात, प्रचलित होती. येथे फिर्याद कोणी करावयाची? आईबाप स्वतः मूल सोडणारे, गाव त्या सोहळ्याचे जेवण जेवणारे. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुरळ्यांचा प्रश्न लोकांपुढे मांडला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्ये ह्या चालीविरुद्ध कायदा केला, मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा केला, आणि महाराष्ट्र राज्याने त्याच विषयावर २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा केला. एकाच रोगावर इतक्या वेळा औषध द्यावे लागले ह्याचा अर्थ उघड आहे. सोडलेल्या मुलीला परत घेणारे घर, तिला शिकविणारी शाळा आणि तिच्याशी सोयरीक जोडणारे लोक जेथे नव्हते, तेथे कायद्याचा कागद बंद पेटीतच राहिला.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये व स्वतंत्र निवासगृहे असावीत अशी शिफारस केली. तिला अनुसरून मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकांचे कायदे केले. मुंबईच्या कायद्याचे वैशिष्ट्य हे की अपराधी मुलाबरोबरच निराधार व छळ सोसणारे मूलही त्याच्या कक्षेत आले. पण कायदा होऊन मुंबई शहरात तो प्रत्यक्ष राबू लागला तो १९२७ मध्ये. कारण त्या वर्षी बालसाहाय्यक संस्था स्थापन झाली आणि मुलांना ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. मधल्या काळात कायदा होता, घर नव्हते. म्हणून कायदा स्वस्थ बसला होता. उमरखाडीचा जुना तुरुंग मुलांच्या निवासासाठी देण्यात आला. तुरुंगाच्या भिंतींआड मुलांचे आश्रयस्थान व्हावे हा योगायोग पुढील अनेक वर्षांच्या अडचणींची नांदी ठरला.

सांगलीपुरते बोलावयाचे तर ८ मार्च १९४८ पर्यंत हे पटवर्धनांचे संस्थान होते. मुंबई इलाख्याचा कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. संस्थान विलीन झाले त्याच वर्षी मुंबई प्रांताने जुना कायदा रद्द करून १९४८ चा नवा बालक अधिनियम केला आणि सोळा वर्षांखालील मुलांस त्याचे छत्र दिले. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. ह्या नव्या कायद्याच्या आधारे जिल्ह्याजिल्ह्यांतून निरीक्षणगृहे निघत गेली. सांगलीतील मुलांच्या निरीक्षणगृहास दादूकाका भिडे ह्यांचे नाव आहे, हे येथील बहुतेकांस ठाऊक असेल.

पण लोकांच्या तोंडी निरीक्षणगृह हा शब्द रुळला नाही; रुळला तो ‘रिमांड होम’. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या आळीतील कितीतरी आया हट्टी पोराला ‘रिमांड होममध्ये टाकीन हं’ अशी धमकी देत. शाळेतही तो शब्द छडीच्या जोडीने वापरला जाई. श्रोतेहो, ह्या एका धमकीने केलेली हानी मोजता येणार नाही. जे घर छळलेल्या मुलाला आधार देण्यासाठी बांधले, ते बागुलबुवाचे घर झाले. मग शेजारी छळाची बातमी देईल कसा? पोराला आगीतून काढून फुफाट्यात टाकल्यासारखे होईल, असेच त्यास वाटणार. आसऱ्याची बेअब्रू झाली की फिर्यादही आपोआप थांबते.

ह्या भयाला आधार नव्हता असेही नाही. अपराधी मूल आणि पीडित मूल ह्यांना बहुधा एकाच छपराखाली ठेवीत, आणि कित्येक ठिकाणी तर मुले मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगातच असत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे ह्यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांऐवजी संसदेने सबंध देशासाठी एक कायदा करावा अशी सूचना केली. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता स्वीकारली, आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारत तिच्यात सामील झाला. २००० च्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले. आणि सध्या अंमलात असलेला २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. ह्या कायद्यांनी दोन वाटा स्वच्छ वेगळ्या केल्या. ज्याच्यावर अपराधाचा आरोप आहे ते मूल बाल न्याय मंडळापुढे जाते. ज्याला काळजी व संरक्षण हवे आहे ते बालकल्याण समितीपुढे जाते. पीडित मुलाला आरोपीच्या पिंजऱ्याजवळून जावे लागू नये, एवढी साधी गोष्ट साधण्यास किती काळ लागला पाहा.

आता आपल्या शेजाऱ्याचा प्रश्न पुन्हा घेऊ. आज त्याने काय करावे? १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने, जेरू बिलिमोरिया ह्यांच्या पुढाकाराने, मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. पुढे तो देशभर गेला, आणि २०२३ पासून तो शासनाच्याच बालसंरक्षण यंत्रणेकडे आहे व ११२ ह्या तातडीच्या क्रमांकाशी जोडलेला आहे. ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री, मोल न देता, कोणासही बोलता येते. मुलाला स्वतःलाही.

बातमी पोहोचल्यावर पहिला विचार करावयाचा तो हा की मुलाच्या जिवाला ह्या घटकेस धोका आहे काय. असल्यास पोलीस येतात. प्रत्येक ठाण्यात मुलांचे काम पाहणारा एक अधिकारी नेमलेला असावा, आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असावे, अशी कायद्याची आज्ञा आहे. लैंगिक अत्याचाराची बाब असल्यास मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते.

ही समिती म्हणजे एक अध्यक्ष व चार सदस्य. त्यांत निदान एक स्त्री हवी आणि एक मुलांच्या प्रश्नांचा जाणकार हवा. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. परंतु तिची बैठक कचेरीसारखी दरडावणारी नसावी, अशी अपेक्षा आहे. मुलाची तात्पुरती सोय लावून ती सामाजिक चौकशीची आज्ञा देते. चौकशी करणारा मनुष्य घरी जातो, शेजाऱ्यांशी व शिक्षकांशी बोलतो, आणि पंधरा दिवसांत अहवाल देतो. चार महिन्यांच्या आत अखेरचा निर्णय व्हावा असा नियम आहे. निर्णय अनेक प्रकारचे असू शकतात. समज देऊन व देखरेख ठेवून मूल आईबापांकडे परत देता येते. आजी, मावशी, काका अशा योग्य नातेवाइकांकडे ठेवता येते. दुसऱ्या एखाद्या कुटुंबात संगोपनासाठी देता येते. टाकलेले मूल असल्यास पुरता शोध घेऊन दत्तकासाठी मोकळे करता येते. आणि ह्यांपैकी काहीच जमले नाही तर बालगृह. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिले आहे.

ह्याच्या मुळाशी असलेला विवेक फार मोलाचा आहे, आणि आमच्या जिल्ह्यात त्याची कसोटी दरवर्षी लागते. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. फडाच्या कडेला पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन उसात शिरतात आणि सात-आठ वर्षांची पोरगी मागे तान्ह्या भावाला सांभाळते. शहरातला सुशिक्षित माणूस हे पाहतो आणि त्याच्या तोंडून सहज उद्गार निघतो की ही मुलांची हेळसांड आहे, ह्यांना काढून घेतले पाहिजे. श्रोतेहो, थोडे थांबले पाहिजे. दारिद्र्य आणि निर्दयता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आईजवळ वेळ नाही, पैसा नाही, घर नाही. पण माया आहे. त्या पोरीला आईपासून तोडणे हे रक्षण नव्हे. तिला फडाजवळ शाळा आणि तान्ह्याला पाळणाघर देणे हे रक्षण होय. ह्याच विचाराने महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावे, म्हणून तिच्यातून मासिक साहाय्य दिले जाते.

उलट, पैशाचा तुटवडा नसलेल्या, पडदे लावलेल्या, पुस्तकांचे कपाट असलेल्या घरांतही छळ होऊ शकतो, आणि तेथे तो दिसत नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टर हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या क्ष-किरण चित्रांत जुनी, आपोआप सांधलेली हाडे दिसतात आणि आईबाप मात्र पडल्याचे सांगतात, ह्याचा अर्थ त्यांनी वैद्यकाच्या भाषेत उघड केला. १९६७ पर्यंत त्या देशातील सर्व राज्यांनी, अशी शंका आल्यास कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. आमच्याकडे ते बंधन २०१२ मध्ये आले, तेही लैंगिक अत्याचारापुरते. त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झालेल्या कायद्याने, ज्यास अशी बातमी कळेल त्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे दायित्व टाकले. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली. शुद्ध हेतूने बातमी देणाऱ्यास कोणतीही तोशीस लागणार नाही, असे अभयही त्यातच आहे.

परंतु सक्तीने तोंड उघडते काय? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन अजाण बालिकांच्या बाबतीत शाळा आणि पोलीस दोघांकडूनही विलंब झाला. मुंबई उच्च न्यायालयास आपण होऊन त्याची दखल घ्यावी लागली. कायद्याला तेव्हा बारा वर्षे होत आली होती.

आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण ह्याहून अधिक विचार करावयास लावते. २०१८ मध्ये वाळवा तालुक्यातील एका निवासी आश्रमशाळेतील मुलींवर संस्थाचालकाकडूनच अत्याचार होत असल्याचे उघडकीस आले. गावाचे व शाळेचे नाव मी घेत नाही. मुलींची ओळख पटेल असे काही बोलू नये, ही कायद्याची आज्ञा आहे आणि ती योग्य आहे. हे प्रकरण पुढे न्यायालयात शाबीत होऊन त्या मनुष्यास जन्मठेप झाली. पण ते उघडकीस आले कसे? पोलिसांकडे आलेल्या एका निनावी पत्रामुळे. ज्याने किंवा जिने ते लिहिले, त्यास आपले नाव घालण्याचा धीर झाला नव्हता. येथे आसराच भक्षक झाला होता. मग नाव घालून बोलणार कोण? तरीही ठाण्यातल्या माणसांनी त्या बिननावाच्या कागदास केराची टोपली दाखविली नाही, चौकशी केली, आणि मुली वाचल्या. पत्र लिहिणाऱ्याइतकेच श्रेय ते पत्र गंभीरपणे वाचणाऱ्यांचेही आहे.

माझे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. त्या अनुभवावरून एवढे सांगतो की मुले तक्रार शब्दांनी क्वचितच करतात. हजेरीपटावर सोमवारी सोमवारी खाडा पडू लागतो. बोलकी मुलगी एकाएकी मागच्या बाकावर जाऊन बसते. उन्हाळ्यातही कोणी अंगभर बाह्यांचा सदरा घालून येतो. सातवीतली मुलगी दिवाळीनंतर परत येत नाही, आणि चौकशी करता तिच्या लग्नाची बोलणी चालू असल्याचे कळते. बालविवाहाच्या बाबतीत महाराष्ट्रात गावच्या ग्रामसेवकालाच प्रतिबंधक अधिकारी नेमले आहे, म्हणजे फिर्याद ऐकणारा गावातच बसलेला असतो. अशी चिन्हे दिसली की पुरावा गोळा करीत बसण्याचे काम शिक्षकाचे नव्हे, शेजाऱ्याचेही नव्हे. पुरावा शोधणे चौकशी करणाऱ्याचे काम आहे. आपले काम कळविण्याचे आहे.

तथापि कळविणे हा अर्धाच धर्म झाला. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी जे केले त्यात कायद्याची आज्ञा नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. होते ते एक राहते घर, आणि त्यात आणखी एका बाळंतिणीला जागा. आजच्या कायद्यात त्या कृतीला रीतसर स्थान मिळाले आहे. सुस्थितीतील कुटुंबास एखादे मूल काही काळ संगोपनासाठी घरी आणता येते; बालगृहातील मुलांच्या शिक्षणाचा भार उचलता येतो; समितीवर सदस्य म्हणून काम करता येते; निदान आपल्या गावचे बालगृह कसे चालते ते पाहून येता येते. ज्या बालगृहाच्या दारातून चार सभ्य माणसे नित्य येतात-जातात, तेथे अंधाराला जागा राहत नाही, आणि असे घर कोणत्याही आईला आपल्या मुलाला धमकी देण्यासाठी वापरता येत नाही.

कायद्याने चोवीस तास, पंधरा दिवस आणि चार महिने अशी मुदत घालून दिली आहे. त्या मुदतीत मुलाला जे घर द्यावयाचे ते मात्र कायद्याला बांधता येत नाही. ते आपल्यासारख्या घरांतूनच यावयाचे असते. ते जितके जवळ असेल, तितक्या लवकर शेजाऱ्याचा हात दूरध्वनीकडे जाईल.